रास्पबेरीच्या वाळणाऱ्या काड्या आणि मुंबईतील एक घरभेट सेवा : परीक्षण

मुंबईच्या पूर्व उपनगरांतील एका रोपवाटिकेतर्फे कुंड्यांतील फळझाडांसाठी दोन प्रकारची सल्लासेवा चालवली जाते. पहिल्या प्रकारात झाडाची छायाचित्रे मोबाइलवर पाठवायची आणि फोनवर सल्ला घ्यायचा. दुसऱ्या प्रकारात उद्यानविद्येचे शिक्षण घेतलेली व्यक्ती घरी येऊन झाड तपासते. मुलुंडमधील आमच्या इमारतीच्या गच्चीवरील रास्पबेरीसाठी मी या दोन्ही सेवा घेतल्या आणि दोन्हींचे निदान एकमेकांच्या इतके विरुद्ध निघाले की, एकाच शब्दात या रोपवाटिकेची शिफारस करणे किंवा तिला नापसंत ठरवणे योग्य होणार नाही. घरभेटीची सेवा मी निःशंकपणे सुचवीन. छायाचित्रांवरून दिला जाणारा सल्ला मात्र निदान रास्पबेरीपुरता तरी कोणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. त्यामागची कारणे झाडाच्या स्वभावातच असल्यामुळे सेवेबरोबर झाडाविषयीही सविस्तर लिहिणे भाग आहे.

आमच्या गच्चीवर दोन जातींची रास्पबेरी आहे. एक लाल फळांची, मूळ थंड प्रदेशांतली, वनस्पतिशास्त्रात रुबस आयडियस या नावाने ओळखली जाणारी. तिची रोपे एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेली होती आणि त्यांतील काहींवर ‘हेरिटेज’ या वाणाची चिठ्ठी होती. दुसरी काळसर जांभळ्या फळांची म्हैसूर रास्पबेरी, म्हणजे रुबस निव्हियस, जी याच रोपवाटिकेतून आणलेली आहे. तक्रारीही निरनिराळ्या होत्या. लाल रास्पबेरीला पाने भरपूर यायची, पण फळ जवळजवळ नाही. पावसाळ्यात काही कुंड्यांतील कोवळ्या काड्यांनी एकाएकी शेंडे वाकवले आणि त्या बघता बघता काळ्या पडल्या. म्हैसूर रास्पबेरीने उत्तम फळ दिले, परंतु उन्हाळा संपत आला तशा तिच्या फळलेल्या सर्व काड्या एकामागून एक वाळत गेल्या, आणि उरलेल्या काड्यांवर राखेसारखा पांढरा थर दिसत होता.

ही सर्व छायाचित्रे पाठवल्यावर त्याच संध्याकाळी फोन आला, ही तत्परता वाखाणण्याजोगी आहे. सल्ला मात्र सरसकट होता : सर्व कुंड्यांत बुरशीचा प्रादुर्भाव आहे, पांढरा थर म्हणजे भुरी आहे, गंधकयुक्त बुरशीनाशक फवारावे, वाळलेल्या काड्यांच्या कुंड्यांत औषधाची आळवणी करावी, म्हणजे औषधाचे पाणी मुळाशी ओतावे, आणि फळधारणेसाठी नत्रयुक्त खताचा हप्ता वाढवावा. औषधांची यादी तत्काळ आली, ती रोपवाटिकेतूनच घरपोच मिळण्याची सोयही सांगितली गेली. फोनवर बोलणाऱ्या तरुणाने कुंडीला भोके किती आहेत, पाणी कुठले घालता, काडी या वर्षीची आहे की मागच्या वर्षीची, यांपैकी काहीही विचारले नाही. रास्पबेरीत तर याच प्रश्नांवर सारे निदान अवलंबून असते.

यानंतर घरभेट ठरवली. शुल्क ८०० रुपये होते आणि त्यात औषधे किंवा खते यांचा समावेश नव्हता. आलेल्या ताईंनी दापोलीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेली आहे आणि त्यांच्या पिशवीत फवारणीचा पंप नव्हता. धारदार कात्री, चाकू, छोटी करवत, भिंग, मातीचा सामू (आम्ल-अल्कतेचे प्रमाण, पीएच) तपासण्याच्या पट्ट्या आणि पाण्यातील क्षार मोजणारे लहानसे यंत्र एवढेच साहित्य होते. कोणतेही औषध सुचवण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक कुंडीतील काड्या वेगळ्या करून पाहिल्या, आणि मला वाटते, या सेवेचे खरे मोल येथेच आहे.

म्हैसूर रास्पबेरीपाशी त्या प्रथम थांबल्या. पांढऱ्या थरावरून त्यांनी अंगठा फिरवला. थर पुसला गेला आणि खाली तुकतुकीत जांभळट साल दिसली. हा थर म्हणजे या जातीच्या काडीवर निसर्गतःच असणारे मेणचट आवरण आहे, रोग नव्हे. भुरी पानांवर आणि कोवळ्या शेंड्यांवर पिठासारखी दिसते, पाने वेडीवाकडी होतात. येथे पाने निरोगी होती. छायाचित्रात हा फरक कळणे कठीण आहे हे मान्य केले, तरी ज्या रोपवाटिकेने हे रोप स्वतः विकले, तिच्याच सल्लागाराने त्याचा सहजगुण रोग म्हणून सांगावा, ही गंभीर उणीव आहे.

वाळलेल्या काड्यांविषयी त्यांचे उत्तर याहून महत्त्वाचे होते. “हिला काही झालेलं नाही हो,” त्या म्हणाल्या, “केळीचा घड उतरवला की खुंट संपतो आणि बाजूची पिलं पुढे येतात ना, तसंच हिचं आहे. या काडीचं काम झालं.” रास्पबेरीचे मूळ आणि बुंधा अनेक वर्षे जगतात, पण जमिनीवर दिसणारी प्रत्येक काडी दोनच वर्षांची असते. पहिल्या वर्षी ती हिरवी, लवचीक राहून उंच वाढते. दुसऱ्या वर्षी तिची साल तपकिरी होते, बाजूला आखूड फुटवे निघतात, त्यांवर फुले आणि फळे येतात आणि फळ संपल्यावर ती काडी मरते. हे मरण रोगाचे लक्षण नाही आणि जगातील कोणतेही औषध ते टाळू शकत नाही. करायचे एवढेच, की फळ संपल्याबरोबर ती काडी जमिनीलगत कापून टाकायची, म्हणजे हवा खेळती राहते, नव्या काड्यांना ऊन मिळते आणि जुन्या सालीवर वाढणाऱ्या बुरशीचा आसरा नाहीसा होतो.

येथे एक धोका आहे आणि ताईंनी तो आपणहून सांगितला, याचे मला विशेष वाटले. मुंबईत आपल्याला जास्वंद, मोगरा, गुलाब यांची सरसकट छाटणी करण्याची सवय असते. तोच हात रास्पबेरीवर चालवला आणि वाळलेल्यांबरोबर हिरव्या काड्याही खाली आणल्या, तर पुढच्या वर्षीचे सगळे फळ कापले जाते. पाने जोमदार, रोग नाही, तरीही फळ नाही, अशी तक्रार असेल तर घरातील कोणी किंवा सोसायटीच्या माळीकाकांनी ‘साफसफाई’ केली होती का, हा पहिला प्रश्न विचारावा. म्हणूनच त्यांनी आमच्या कुंड्यांत नव्या काड्यांना हिरवी आणि फळलेल्या काड्यांना लाल सुतळी बांधून दिली. साधी युक्ती आहे, परंतु छाटणीच्या वेळी घरातील कोणाच्याही हातून चूक होऊ नये यासाठी याहून चांगला उपाय मला दिसत नाही.

‘हेरिटेज’सारख्या वाणांचा नियम थोडा वेगळा आहे, आणि हा भाग त्यांनी नीट समजावून दिला. अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातील जिनीव्हा येथील संशोधन केंद्रातून १९६९ साली प्रसारित झालेला हा वाण पहिल्याच वर्षीच्या काडीच्या शेंड्याकडे फळतो. त्याच काडीचा खालचा भाग दुसऱ्या वर्षी फळतो आणि मग काडी मरते. त्यामुळे अशा वाणाच्या काडीचा शेंडा फळल्यानंतर वाळला, तर केवळ तेवढाच भाग कापायचा की सर्व काड्या जमिनीलगत कापून वर्षाला एकच बहर घ्यायचा, हे आपल्याला ठरवता येते. चिठ्ठीवर वाणाचे नाव नसेल, तर यांपैकी कोणताही निर्णय अंधारात घ्यावा लागतो. आमच्या ऑनलाइन रोपांपैकी निम्म्यांवर नुसते ‘रास्पबेरी रेड’ एवढेच लिहिलेले होते आणि एक रोप तर चक्क तुतीचे निघाले. रास्पबेरी ओळखण्याची खूण सोपी आहे : पिकलेले फळ ओढले की पांढरा दांडा झाडावरच राहतो आणि फळ आतून पोकळ निघते, तुतीत किंवा ब्लॅकबेरीत असे होत नाही. पण ही खूण फळ आल्यावरची झाली. रोप विकत घेताना ती उपयोगी पडत नाही, म्हणून विक्रेत्याची चिठ्ठी प्रामाणिक असणे आवश्यक आहे.

आता खऱ्या अर्थाने मेलेल्या काड्या. ज्या कुंड्यांत पावसाळ्यात कोवळे शेंडे वाकून काळे पडले होते, त्यांतील एका रोपाच्या काडीची साल ताईंनी नखाने खरवडली. वर तपकिरी, आत कोरडे. मग मातीच्या पातळीवर बुंध्याची साल चाकूने सोलली, तेव्हा आत विटकरी तांबूस रंग आणि त्याच्या वर पांढरट निरोगी भाग, अशी स्पष्ट रेषा दिसली. अखेरीस कुंडी आडवी करून मातीचा गोळा बाहेर काढला. मुळे तपकिरी, बोटांत धरून ओढताच त्यांची बाहेरची साल मोज्यासारखी निघून हातात येत होती आणि आत केवळ दोरा उरत होता. मातीला कुजका वास होता. हे मूळकुजीचे लक्षण आहे. फायटोफ्थोरा गटातील रोगकारक साचलेल्या पाण्यात पोहत मुळांपर्यंत पोचतात, आणि रास्पबेरी या बाबतीत फळझाडांतील अत्यंत नाजूक झाडांपैकी एक आहे.

मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रास्पबेरीला वाढीच्या काळात आठवड्याला साधारण २५ ते ४० मिलिमीटर पाणी पुरते. आपल्याकडे जुलैतील एखाद्या दिवशी काही तासांतच याच्या कितीतरी पट पाणी कुंडीवर कोसळते. कुंडीखाली बशी असेल, तळाचे भोक गच्चीच्या लादीला चिकटून बसले असेल, किंवा मिश्रणात निम्म्याहून अधिक कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल, तर मुळे दिवसेंदिवस पाण्यात राहतात. मुंबईतील रोपवाटिका सर्रास देतात ते ‘तयार मिश्रण’ म्हणजे लाल माती, कोकोपीट आणि शेणखत; उन्हाळ्यात ते उत्तम चालते, पावसात मात्र त्याचा चिखल होतो. ताईंनी याच रोपवाटिकेत विकल्या जाणाऱ्या त्या मिश्रणाला स्पष्टपणे नापसंती दर्शवली. मालकाच्या मालाविरुद्ध ग्राहकाला खरे सांगणारी व्यक्ती भेटणे सोपे नसते, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवतो.

त्यांनी सुचवलेले उपाय असे होते. कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात, बश्या जूनपूर्वीच काढून टाकाव्यात, मिश्रणात भाताचे तूस, जाडी वाळू किंवा पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे) आणि विटांचा बारीक चुरा मिळून जवळजवळ अर्धा भाग असावा, आणि पावसाळ्यात कुंड्यांवर पारदर्शक पत्र्याचे छप्पर असावे. तळाशी खडीचा जाड थर देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिचा निचऱ्याला उपयोग होत नाही, उलट बारीक मातीत धरून राहिलेले पाणी खडीच्या थरावरच अडते आणि मुळांना मिळणारी कोरडी जागा तेवढी कमी होते, हे त्यांनी समजावले. भोकावर एक खापरी पुरते. मूळकूज झालेली रोपे वाचवण्याचा प्रयत्न करू नये, असे त्यांनी ठामपणे सांगितले. रोप, माती आणि मुळे टाकून द्यावीत, कुंडी साबणाने घासून उन्हात तापवावी आणि ती माती दुसऱ्या कुंड्यांत मिसळू नये. फोनवर सांगितलेली आळवणी या रोपांना काहीही देऊ शकली नसती, कारण सडलेले मूळ औषधाने पुन्हा उगवत नाही.

याला जोडून त्यांनी विचारले की या कुंड्यांत आधी काय होते. गच्चीवरच्या बागेत माती फेकली जात नाही. वांगी संपली की त्याच मातीत टोमॅटो, मग मिरची. टोमॅटो, वांगी, बटाटा, मिरची आणि स्ट्रॉबेरी यांना होणारा व्हर्टिसिलियम मर रोग रास्पबेरीलाही होतो आणि त्याची बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते. हा रोग थंड मातीत अधिक जोर करतो, त्यामुळे मुंबईत त्याचे प्रमाण मर्यादित राहावे. तरीही रास्पबेरीसाठी नवी माती वापरण्याचा सल्ला मला पटला, कारण त्याचा खर्च रोपाच्या किमतीपेक्षा कमी आहे.

राहिली लाल रास्पबेरी, जी निरोगी असूनही फळत नव्हती. येथे ताईंनी जे सांगितले ते ऐकायला कटू आहे, परंतु मुंबईतील प्रत्येक रास्पबेरीप्रेमीने ते रोप घेण्यापूर्वीच ऐकले पाहिजे. दुसऱ्या वर्षीच्या काडीवर फळणाऱ्या लाल वाणांना कळ्या उमलण्यासाठी हिवाळ्यात साधारण ८०० ते १,६०० तास ७ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखालची थंडी लागते. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेतील आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश आहे, तेही १९६२ च्या जानेवारीतील. म्हणजे जी थंडी या झाडाला एकूण एक-दोन महिने हवी, तिच्या जवळपासही हे शहर नोंदींच्या इतिहासात क्वचित एखाद्या रात्रीपुरतेच पोचले आहे. काही जण कुंडीत बर्फाचे खडे टाकतात. त्याने मुळांना धक्का बसतो, पण काडीवरील कळ्यांना थंडी मिळत नाही. व्यापारी शेतीत यावर उपाय आहे : थंड प्रदेशात वाढवलेल्या लांब काड्या शीतगृहात ठेवून त्यांची थंडीची गरज भागवतात आणि मग त्या उबदार प्रदेशांत लावून फळ घेतात. घरच्या गच्चीवर हे शक्य नाही. ‘हेरिटेज’सारखे पहिल्या वर्षी फळणारे वाण थंडीवर कमी अवलंबून असतात, पण ३० अंशांच्या वरच्या उष्णतेत त्यांची फुले नीट धरत नाहीत, फळ मऊ आणि भुसभुशीत होते, उन्हाकडच्या बाजूचे मणी पांढरे पडतात. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे, तेथील हवेशी आपली तुलना करून उपयोग नाही.

म्हणून त्यांचा सल्ला असा, की मुंबईत लाल वाणांवर पैसे खर्च करू नयेत आणि रास्पबेरी हवीच असेल तर म्हैसूर रास्पबेरी लावावी. ही जात भारतातीलच आहे, तिला थंडीची गरज नाही आणि अमेरिकेतील दक्षिण फ्लोरिडासारख्या उष्ण, समुद्रसपाटीच्या प्रदेशातही ती घरोघरी फळते. तिचे काटे मात्र बळकट आणि आकड्यासारखे असतात, काड्या वाकून जेथे टेकतात तेथे मुळे धरतात, आणि हवाईसारख्या बेटांवर ती मोकाट पसरून उपद्रवी ठरली आहे. लहान मुलांचा वावर असलेल्या बाल्कनीत ती ठेवू नये. गच्चीवर, कुंडीत, कमानीला किंवा आडव्या तारांना बांधून ती आवाक्यात राहते. चव लाल रास्पबेरीपेक्षा गोडसर आणि आंबटपणा कमी. ज्यांना महाबळेश्वरच्या डब्यातील तो तीव्र आंबट-गोड सुगंध हवा आहे, त्यांचे समाधान कदाचित होणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

फळ कमी येण्याची इतरही कारणे त्यांनी आमच्याच कुंड्यांवर दाखवली. पाण्याचे क्षार मोजल्यावर महापालिकेच्या नळाचे पाणी उत्तम निघाले, मात्र मे महिन्यात सोसायटी टँकरचे पाणी टाकीत घेते त्यात क्षार कितीतरी अधिक होते. रास्पबेरीला क्षार सोसत नाहीत; पानांच्या कडा करपतात आणि ते पाणी कमी पडल्यासारखे दिसते, म्हणून आपण आणखी तेच पाणी घालत राहतो. सामू साधारण ५.५ ते ६.५ हवा. ज्या दोन कुंड्यांत इमारतीच्या आवारातील माती वापरली होती, तेथे सिमेंट आणि चुन्याच्या कणांमुळे तो बराच वर गेला होता आणि नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला होता. नत्राचा हप्ता वाढवण्याचा फोनवरचा सल्ला त्यांनी पूर्णपणे फेटाळला, कारण जास्त नत्राने पाने आणि लुसलुशीत काड्या वाढतात, फळे वाढत नाहीत आणि मावा, लाल कोळी या रस शोषणाऱ्या किडींना आमंत्रण मिळते. शिवाय एका कुंडीत नव्या काड्यांची गर्दी झाली होती. मोठ्या कुंडीत पाच-सहा बळकट काड्या ठेवून बाकीच्या लहान असतानाच काढाव्यात, आणि म्हैसूर रास्पबेरीच्या काडीचा शेंडा ती सुमारे एक मीटर झाली की खुडावा, म्हणजे बाजूचे फुटवे वाढतात आणि त्यांवरच फळ येते.

अर्धवट भरलेल्या, हातात घेताच सुटून पडणाऱ्या फळांचेही कारण त्यांनी दाखवले. रास्पबेरीचे फळ म्हणजे अनेक लहान मण्यांचा गुच्छ असतो आणि प्रत्येक मणी वेगळ्या स्त्रीकेसरापासून तयार होतो. जितक्या स्त्रीकेसरांपर्यंत पराग पोचतो, तितकेच मणी भरतात. उंच इमारतींच्या गच्चीवर मधमाश्या कमी येतात. तुळस, झेंडू आणि शेवंती जवळ ठेवावीत, आणि सकाळी मऊ कुंचल्याने फुलांवरून हलकेच फिरवावे. असेच फळ विषाणुरोगातही येते, पण मग ते वर्षानुवर्षे त्याच रोपावर येत राहते आणि असे रोप काढून टाकण्यावाचून इलाज नसतो.

या सेवेतील उणिवाही तितक्याच स्पष्टपणे लिहितो. भेटीनंतर दोन दिवसांत लेखी अहवाल येईल असे सांगितले होते. तो पुष्कळ उशिरा, तोही आठवण केल्यावर आला. त्यासोबतचे छापील माहितीपत्रक ताईंच्या सल्ल्याशी जुळत नव्हते. त्यात हिवाळ्याच्या अखेरीस, बर्फ वितळल्यावर छाटणी करण्याची सूचना आहे आणि काडी पोखरणाऱ्या ज्या किडीचे चित्र आहे, शेंड्याखाली दोन समांतर कड्या करणारी, ती उत्तर अमेरिकेतील कीड आहे. मुंबईतील वाचक त्या कड्या शोधत बसेल आणि समोर असलेले लाल कोळी त्याच्या नजरेतून सुटतील. कोकणच्या हवेसाठी छाटणीचे वेळापत्रक वेगळे लागते : ताईंनी तोंडी सांगितले त्याप्रमाणे फळलेल्या काड्या मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे पाऊस सुरू होण्यापूर्वी कापल्या पाहिजेत, कारण ओल्या हवेत उघड्या जखमांतून बुरशी आत शिरते. हे वाक्य त्या पत्रकात ठळक अक्षरांत असायला हवे होते. रोपवाटिकेकडे स्वतःचीच इतकी जाणती व्यक्ती असताना परदेशी मजकूर जसाच्या तसा छापणे समर्थनीय नाही.

शुल्काविषयी बोलायचे, तर एका कुंडीसाठी ८०० रुपये महाग आहेत. परंतु शुल्क भेटीचे आहे, कुंड्यांच्या संख्येचे नाही. एका इमारतीतील दोन-तीन घरांनी मिळून गच्चीवरच भेट ठरवली तर ते सहज परवडते, आणि रोपवाटिकेला त्याबाबत हरकत नाही. फोनवर सांगितलेल्या औषधांची एकूण किंमत या शुल्काहून अधिक होत होती, हेही लक्षात घ्यावे. भेटीनंतर एकदा फोनवर शंका विचारण्याची मुभा आहे आणि तो फोन त्याच ताईंना जोडून देतात. आम्ही तो नव्या मिश्रणातील प्रमाणाबद्दल केला आणि उत्तर समाधानकारक मिळाले. रोपवाटिकेची म्हैसूर रास्पबेरीची रोपे शेंडा मातीत दाबून तयार केलेली, मुळे भरलेली आणि निरोगी असतात. त्यांच्यावर जातीचे वनस्पतिशास्त्रीय नाव लिहिले तर छायाचित्रांवर सल्ला देणाऱ्या त्यांच्याच सहकाऱ्यांचाही गोंधळ टळेल.

नव्या मिश्रणात लावलेल्या आणि छपराखाली ठेवलेल्या कुंड्यांतील नव्या काड्या पावसाळाभर ताठ राहिल्या. ‘हेरिटेज’ची एक कुंडी मी ठेवली आहे, बाकीची लाल रोपे काढून टाकली. ज्यांना ही भेट घ्यायची आहे, त्यांनी ती एप्रिल किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात ठरवावी, कारण जून लागल्यावर ताईंना गच्चीवरील कामे घेता येत नाहीत. भेटीपूर्वी दोन दिवस कुंड्यांना पाणी देऊ नये, म्हणजे मातीचा गोळा न फुटता बाहेर काढून मुळे पाहता येतात. वाळलेल्या काड्या आधीच कापून टाकू नयेत. निदानाचा मुख्य पुरावा त्याच असतात. नळाच्या आणि टँकरच्या पाण्याची एकेक बाटली भरून ठेवावी, रोपांच्या चिठ्ठ्या आणि खतांच्या पिशव्या जवळ ठेवाव्यात, आणि छाटणी प्रत्यक्षात ज्यांच्या हातून होते त्या माळीकाकांनाही त्या वेळी गच्चीवर बोलावून घ्यावे.